बर्च अर्थात भूर्ज: बारा महिने बागेची शोभा राखणारं झाड – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्चबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी आणले आहेत. आधी निवड, मग लागवड आणि निगा, शेवटी अडचणी. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते: या झाडाच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी गेलं की तापलेली, कोरडी पडलेली मुळंच सापडतात. त्यामुळे घाईत असाल तरी प्रश्न ९ वाचल्याशिवाय रोप आणू नका.

१. बर्च आणि आपला भूर्ज एकच का?

एकाच घराण्यातले. या वंशाचं शास्त्रीय नाव बेट्युला. उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यात त्याच्या कित्येक जाती आहेत आणि हिमालयात साधारण तीन ते साडेचार हजार मीटरवर वाढणारा भूर्ज ही त्यांतलीच एक. डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये तिला बेट्युला युटिलिस असं नाव दिलं. युटिलिस म्हणजे उपयोगी. भूर्जपत्र म्हणून ज्यावर लिहीत असत ती या झाडाची साल. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेलं बखशालीचं गणिताचं हस्तलिखित अशाच सालीवर लिहिलेलं आहे.

जगभरच्या बागांत जो पांढराशुभ्र बर्च सर्वांत हौसेनं लावला जातो, तो याच भूर्जाचा पश्चिम हिमालयातला प्रकार आहे. त्याला जॅकमाँटी म्हणतात. हे नाव फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिक्टर जॅकमाँ यांच्यावरून आलं. हिमालय पालथा घातलेले जॅकमाँ १८३२ मध्ये मुंबईत वारले.

२. हिवाळ्यात तर हे झाड बोडकं होतं. मग वर्षभर शोभा कसली?

बोडकं झाल्यावरच ते खरं दिसायला लागतं. पानं गळली की खोड उघडं पडतं, आणि हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात त्या खोडावरून नजर हलत नाही. जवळ जाऊन पाहा. साल आडव्या पट्ट्यांनी सुटत असते. सुटलेली कड कागदासारखी वळलेली, तिची आतली बाजू फिकट नारिंगी. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागते. हा पांढरेपणा बेट्युलिन या द्रव्याचा. सालीवर पेन्सिलीनं ओढल्यासारख्या आडव्या बारीक रेघा दिसतात, ती वल्करंध्रं. खोड त्यांतून श्वास घेतं.

नर तुरे शरदातच तयार होतात आणि सगळा हिवाळा काड्यांच्या टोकांशी घट्ट मिटून बसतात. वसंताची चाहूल लागली की ते बोटभर लांब होऊन लोंबू लागतात, वाऱ्याबरोबर पिवळी पूड उडते आणि सोबतच पोपटी पालवी फुटते. मादी तुरे लहान असतात, तिथेच आसपास शोधावे लागतात. उन्हाळ्यात पानांची कवडशांची सावली पडते. शरदात सगळं झाड हळदीसारखं पिवळं होतं. तुरे पिकून फुटले की पंखांच्या इवल्या बिया उडतात आणि त्या टिपायला छोटे पक्षी फांद्यांना उलटे लटकतात.

यात सर्वांत साधा काळ भर उन्हाळ्याचा, हे मान्य करायला हवं. तेव्हा बर्च म्हणजे एक हिरवं, नाजूक झाड, एवढंच.

३. एवढ्या जातींतून निवडायची कोणती?

खोड पांढरंच हवं असेल तर जॅकमाँटी. त्यातही ‘डोरनबॉस’ किंवा ‘ग्रेसवुड घोस्ट’ अशी नाव असलेली कलमं घ्या, कारण नुसतं ‘जॅकमाँटी’ म्हणून मिळणारं बियांचं रोप पुढे किती पांढरं होईल याची हमी नसते.

सिल्व्हर बर्च, म्हणजे बेट्युला पेंड्युला, हा युरोपातला. फांद्यांची टोकं खाली झुकलेली, पानं आणखी नाजूक, आणि वय वाढलं की खोडाच्या बुंध्याशी काळ्या, खडबडीत भेगा. काहींना त्या आवडत नाहीत. मला त्या पांढऱ्याइतक्याच आवडतात. रेताड, कसहीन जमिनीतही ही जात तग धरते.

रिव्हर बर्च, बेट्युला नायग्रा, हा अमेरिकेतल्या नदीकाठांवरचा. पांढरा अजिबात नाही. त्याची साल दालचिनी आणि साल्मन माशाच्या रंगाच्या पापुद्र्यांनी भरलेली, जणू कुणीतरी खोडाला झिरमिळ्या लावल्या आहेत. उष्णता आणि दमट हवा यात इतर बर्चपेक्षा हाच जास्त टिकतो. खोडकिड्यालाही तो दाद देत नाही (प्रश्न १९).

तांबूस, मधाळ खोड हवं असेल तर चिनी लाल बर्च, बेट्युला अल्बोसायनेन्सिस. हा कमी लावला जातो, याची मला खंत आहे. संध्याकाळचं ऊन त्याच्या सालीवर पडलेलं एकदा पाहिलं की पांढऱ्याचा हट्ट सुटतो.

जागा अगदी थोडी असेल तर छत्रीसारखा ओघळणारा ‘यंगी’ किंवा सरळसोट ‘फास्टिजिआटा’. हे दोन्ही सिल्व्हर बर्चचेच प्रकार.

४. आमच्याकडे थंडी नावापुरतीच पडते. बर्च जगेल का?

ज्या भागात पाणी गोठण्याइतकी थंडी कधीच पडत नाही आणि उन्हाळा लांबलचक असतो, तिथे बर्च लावू नका. या झाडाला हिवाळ्याची झोप लागते. ती मिळाली नाही तर पालवी वेळेवर आणि एकसारखी फुटत नाही, झाड दरवर्षी थोडं थोडं खंगतं. रोप पहिली एक-दोन वर्षं बरं दिसतं आणि तिथेच लोक फसतात.

रिव्हर बर्च उष्णता सोसतो हे खरं, पण त्यालाही हिवाळा लागतोच. त्याला उन्हाळा चालतो, हिवाळ्याशिवाय चालत नाही.

उष्ण प्रदेशात फिकट खोडाची हौस भागवायची असेल तर कांडोळ पाहा. पानगळीनंतर त्याचं गुळगुळीत, फिकट खोड चांदण्यात इतकं झळकतं की लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. पांढऱ्या, कागदी, थरांच्या सालीची आवड असेल तर कायापुटी आहे. ही बर्चची नक्कल नव्हे, स्वतःच्या हवामानात आनंदानं वाढणारी झाडं आहेत.

५. किती मोठं होतं, आणि घरापासून किती लांब लावावं?

सिल्व्हर बर्च १५ ते २५ मीटर उंच होतो, जॅकमाँटी साधारण १२ ते १८. पसारा उंचीच्या मानानं कमी, म्हणून मध्यम बागेतही तो अंगावर येत नाही. मुळं मात्र उथळ आणि लांब पसरणारी. इमारतीपासून किमान सहा मीटर ठेवा. चिकणमाती ओली-सुकी होताना फुगत-आकसत असेल तर अंतर आणखी वाढवा, कारण झाड पाणी ओढतं आणि माती बसते. फरशी, जलवाहिनी यांच्या अगदी कडेलाही नको.

६. कुठे लावलं तर खोड सर्वांत उठून दिसेल?

हिवाळ्यात तुम्ही बाग जिथून पाहता, ती खिडकी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. मागे गडद सदाहरित झाडी किंवा काळसर भिंत असली तर पांढरं खोड उजळतं. पांढऱ्या भिंतीपुढे ते हरवतं. सकाळ-संध्याकाळचं कललेलं ऊन खोडावर पडेल असं पाहा. दिवसातला बराच वेळ ऊन हवंच. दाट सावलीत बर्च उजेडाकडे वाकत जातो.

७. एक खोड चांगलं की तीन-चार खोडांचा झुबका?

खोडांसाठीच झाड लावत असाल तर झुबका. त्यात उंचीही थोडी आवरलेली राहते. रोपवाटिकेत जमिनीलगत कापून अनेक फुटवे वाढवलेलं रोप मिळतं, ते सर्वांत बरं. तीन कोवळी रोपं एकाच खड्ड्यात, किंचित बाहेर झुकवून लावण्याची पद्धतही आहे. पण त्यात एखादं मागे पडलं तर झुबका कायमचा लंगडा दिसतो, म्हणून तिन्ही एकाच जातीची, एकाच वयाची घ्या.

८. लावायचं केव्हा आणि कसं?

उघड्या मुळांचं रोप असेल तर ते झोपेत असताना, म्हणजे पानगळीनंतर आणि पालवीआधी. पिशवीतलं किंवा कुंडीतलं रोप एरवीही चालतं, फक्त जमीन गोठलेली किंवा तापलेली नसावी.

खड्डा मातीच्या हुंडीइतकाच खोल, पण दोन-तीनपट रुंद खणा. खोल लावणं ही सर्वांत मोठी चूक. खोड जिथे पसरट होऊन मुळांत उतरतं ती जागा जमिनीच्या वर दिसलीच पाहिजे. पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं मोकळी करा, न सुटणारी कापून टाका. तशीच राहिली तर काही वर्षांनी तीच खोडाला फास लावतात. आधाराची काठी रोपाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच बांधा, वरचा भाग वाऱ्यानं हलू द्या. त्या हलण्यानंच खोड बळकट होतं. एक-दोन वर्षांत काठी काढून टाका.

९. पाणी किती आणि किती वर्षं?

पहिले तीन उन्हाळे तरी न चुकता. मुळं उथळ असल्यानं वरची वीतभर माती सुकली की झाडाला लगेच झळ पोचते. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्या, म्हणजे ओल खाली उतरेल. माती हातात दाबून पाहा. ढेकूळ होऊन बोटानं फुटली तर वाफसा आहे, थांबा. धूळ होऊन सांडली तर उशीर झालाय. मोठं झालेलं झाडही दुष्काळात पाणी मागतं, हे लोक विसरतात.

पाण्याइतकंच महत्त्व आच्छादनाचं. खोडाभोवती निदान मीटरभराचं वर्तुळ गवतमुक्त करा आणि त्यावर लाकडाचा भुगा, कुजलेली पानं किंवा सालीचे तुकडे पाच ते दहा सेंटिमीटर पसरा. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नका, चार बोटं जागा सोडा. जंगलात बर्चची मुळं पाचोळ्याखाली गारव्यात असतात आणि डोकं उन्हात. बागेत तेवढं जमवलं की बाकीचं झाड स्वतः पाहतं.

या वर्तुळाचा आणखी एक उपयोग आहे. गवत कापायच्या दोरीच्या मशीननं बुंध्याची साल चहूबाजूंनी सोललेला एक तरणा जॅकमाँटी मी पाहिला आहे. जखम जेमतेम दोन बोटं उंच होती, पण पूर्ण गोल होती. पुढच्या वर्षी त्याला पालवी फुटली, तिसऱ्या वर्षी फुटली नाही.

१०. माती कशी हवी? खत घालायचं का?

ओल धरणारी पण निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी. सामू ५ ते ६.५ असला तर उत्तम. चुनखडीच्या जमिनीत सिल्व्हर बर्च बऱ्यापैकी निभावतो, रिव्हर बर्चवर मात्र केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात (प्रश्न १८). खताची हौस नको. वर्षातून एकदा पातळसा कंपोस्टचा थर पुरे. नत्र जास्त झालं की लुसलुशीत फूट येते आणि मावा तिच्यावर तुटून पडतो.

११. पांढरा बर्च म्हणून आणला, पण खोड तपकिरी आहे. फसवणूक झाली का?

बहुतेक नाही. कोवळा बर्च तपकिरीच असतो. खोड जाड होत जातं, तशी तपकिरी साल सुटते आणि खालून पांढरी येते. याला काही वर्षं लागतात, आणि वरच्या कोवळ्या फांद्या तर नेहमीच तपकिरी राहतात. रिव्हर बर्चचं उलट: त्याचा सुंदर रंग तरुणपणी, म्हातारपणी बुंधा करडा आणि भेगाळ.

१२. सुटलेली साल हातानं ओढून काढली तर चालेल का?

जी अगदी लोंबते आहे आणि बोट लावताच निघते, ती काढल्यानं झाड मरत नाही. पण जिथे ओढ लागते तिथे थांबा. वरच्या कागदी सालीखाली जिवंत साल असते, ती फाटली की तिथे काळा, खडबडीत वण कायमचा राहतो. मुलांना सालीवर लिहायची हौस असेल तर खाली गळलेले तुकडे वेचून द्या. उभ्या झाडावर नावं कोरू देऊ नका.

१३. खोड हिरवट पडलंय. धुवायचं का?

धुता येतं. हिरवा थर शेवाळाचा असतो, त्यापासून झाडाला अपाय नाही, फक्त पांढरेपणा झाकतो. पानगळीनंतर कोमट पाणी आणि मऊ फडकं किंवा मऊ ब्रश घ्या आणि आडव्या दिशेनं हलकेच पुसा. साबण, ब्लीच, दाबाच्या पाण्याचं मशीन यातलं काहीही नको. दगडफुलासारखी वाढ असेल तर ती राहू द्या, तीही निरुपद्रवी आहे.

१४. फांदी कापली आणि पाणी थांबतच नाही. झाड मरेल का?

मरणार नाही, पण वेळ चुकली. हिवाळा संपता संपता बर्चमध्ये रस जोरानं वर चढतो आणि तेव्हाची प्रत्येक जखम गळते. वरून रंग, डांबर, मेण काही लावू नका, त्यानं गळती थांबत नाही. पानं पूर्ण उमलली की ती आपोआप बंद होते.

छाटणी उन्हाळ्याच्या अखेरीपासून पानगळीपर्यंत करा. खोडकिडा असलेल्या भागात ऐन उन्हाळा टाळा, ताज्या जखमेच्या वासानं भुंगेरे येतात. मुळात बर्चला छाटणी फारशी लागतच नाही. खोड दिसावं म्हणून खालच्या फांद्या काढायच्या तर त्या अंगठ्याएवढ्या असतानाच, दरवर्षी दोन-तीन करून काढा. उंची कमी करायला शेंडा छाटणं मात्र कधीच नको. झाडाचा घाट जातो आणि कुजण्याला वाट मिळते.

१५. झाडाखाली गवत नीट येत नाही. तिथे काय लावू?

गवताचा नाद सोडा, मुळांशी त्याची पाण्यासाठी झटापट चालते. वसंताआधी फुलून नंतर विसावणारे कंद, जसे स्नोड्रॉप आणि रानटी सायक्लॅमेन, तिथे रमतात. नेचे, हेलेबोर, एपिमेडियमही चालतात. लाल काड्यांचा डॉगवुड थोडा बाजूला लावला तर हिवाळ्यात पांढऱ्या खोडाशेजारी त्याची जोडी पाहत राहावी अशी. रोपं लहान घ्या आणि मुळांच्या मधल्या जागी खुरप्यानं लावा. कुदळ चालवू नका.

१६. कुंडीत बर्च लावता येतो का?

काही वर्षांपुरता. ‘ट्रॉस्ट्स ड्वार्फ’सारखा बुटका प्रकार निवडा, कुंडी निदान अर्धा मीटर रुंद असू द्या आणि उन्हाळ्यात पाण्याचा एकही दिवस चुकवू नका. कुंडीची बाजू तापते आणि मुळं भाजतात, म्हणून कुंडी सावलीत आणि झाड उन्हात राहील अशी मांडणी करा.

१७. बियांपासून वाढवता येईल का?

येईल, आणि त्यात आनंदही आहे. बी ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये चार ते आठ आठवडे ठेवा, मग मातीवर पसरा आणि झाकू नका, उगवायला उजेड लागतो. पण बर्चच्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात. बागेतल्या झाडाचं बी आईसारखंच निघेल असं धरून चालू नका. ‘डोरनबॉस’च्या बियांतून ‘डोरनबॉस’ येत नाही, त्याला कलमच हवं.

१८. ऐन उन्हाळ्यात पानं पिवळी पडून गळताहेत. रोग आहे का?

पान हातात घ्या. सगळं पान एकसारखं पिवळं असेल आणि आतल्या बाजूची पानं आधी गळत असतील तर ती तहान आहे. रिव्हर बर्च तर पाणी कमी पडताच पानं टाकून देतो आणि पाणी मिळाल्यावर सावरतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर तो केवडा. जमिनीचा सामू जास्त असल्यानं झाडाला लोह घेता येत नाही. चिलेटेड लोह दिल्यानं तात्पुरतं हिरवं होतं, जमीन बदलत नाही. पानावर तपकिरी फोड किंवा पारदर्शक डाग दिसले तर आत नागअळी आहे. ते कुरूप दिसतं, पण धडधाकट झाड ते सोसतं.

१९. शेंडा वाळत चाललाय. काय करू?

हा प्रश्न आला की मला काळजी वाटते. उत्तर अमेरिकेत याचं नेहमीचं कारण म्हणजे ब्राँझ बर्च बोरर हा खोडकिडा. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात, रसाची वाट तुटते आणि झाड वरून खाली वाळत येतं. खोडावर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी, एक बाजू सपाट असलेली लहान भोकं दिसली की खात्री समजा. आशिया-युरोपातल्या जाती, म्हणजे आपला जॅकमाँटीही, त्याला सहज बळी पडतात. निम्म्या शेंड्यापर्यंत वाळलं असेल तर झाड वाचणं कठीण. सुरुवात असेल तर वाळलेलं कापून जाळा, पाणी वाढवा आणि जाणकार वृक्षतज्ज्ञाला बोलवा.

हा किडा नसलेल्या भागात शेंडा वाळण्याची कारणं बहुधा जमिनीत असतात: दुष्काळ, खोल लागवड, मुळांवर टाकलेली माती, किंवा बांधकामात तुटलेली मुळं.

२०. झाडाखाली उभी केलेली गाडी चिकट होते. फवारणी करू का?

करू नका. मावा रस पितो आणि गोडसर थेंब टाकतो, त्यावर मग काळी बुरशी येते. मोठ्या झाडावर फवारा पोचत नाही, आणि पोचलाच तर माव्याला खाणारे ढालकिडेही मरतात. गाडी हलवणं सोपं.

२१. फांद्यांत पक्ष्यांच्या घरट्यांसारखे गोळे झालेत. ते काय?

जवळून पाहिलं तर एकाच जागेतून फुटलेल्या बारीक काड्यांचा गुंता दिसेल. टॅफ्रिना बेट्युलिना या बुरशीमुळे हे होतं. झाडाला त्याचा त्रास नाही, तेव्हा राहू द्या.

२२. घरात ॲलर्जीचा त्रास आहे. बर्च लावावा का?

ज्यांना बर्चच्या परागकणांची ॲलर्जी ठाऊक आहे त्यांनी खिडकीजवळ लावू नये. वसंतात वाऱ्यावर उडणारा हा पराग थंड देशांत ॲलर्जीचं मोठं कारण आहे. यातल्या काहींना कच्चं सफरचंद किंवा हेझलनट खाल्ल्यावरही तोंडाला खाज सुटते, कारण त्यांतली प्रथिनं परागातल्या प्रथिनासारखी असतात. नक्की माहीत नसेल तर आधी तपासणी करून घ्या. अर्थात परिसरात बर्च आधीच भरपूर असतील तर तुमच्या एका झाडानं फारसा फरक पडत नाही.

२३. ओघळत्या ‘यंगी’तून एक फांदी सरळ वर निघाली आहे. ठेवू का?

आधी ती कुठून निघाली ते पाहा. कलमाच्या गाठीखालून, म्हणजे खुंटावरून निघाली असेल तर ती साध्या सिल्व्हर बर्चची फूट आहे. हिरवी असतानाच मुळापासून खुडून टाका, नाहीतर चार-पाच वर्षांत छत्री नाहीशी होऊन तिच्या जागी एक उंच झाड उभं राहील. गाठीच्या वरून निघाली असेल तर राहू द्या, ती पुढे स्वतःच वाकते. ‘यंगी’ कलमाच्या उंचीच्या वर फारसा चढत नाही, त्यामुळे छत्री जेवढी उंच हवी तेवढ्या उंचीवर कलम केलेलं रोप निवडा.

२४. जुन्या खोडावर पांढरट-तपकिरी, टणक, अर्धगोल छत्र उगवलंय. आता?

ही बहुधा बर्चवरच वाढणारी पॉलिपोर बुरशी. आल्प्समध्ये १९९१ मध्ये सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या हिममानवाजवळही तिचे तुकडे होते. छत्र बाहेर दिसतं तेव्हा आतलं लाकूड बरंच कुजलेलं असतं, आणि छत्र काढल्यानं ते बरं होत नाही. सिल्व्हर बर्चचं आयुष्य साठ-ऐंशी वर्षांचं, तेव्हा हे कधीतरी व्हायचंच. झाडाखालून वाट असेल किंवा जवळ घर असेल तर लगेच तज्ज्ञाकडून तपासून घ्या. आजूबाजूला कुणी वावरत नसेल तर खोड दोन-तीन मीटरवर कापून तसंच उभं ठेवा. सुतारपक्षी त्यात ढोली कोरतात. आणि नवं रोप त्याच खड्ड्यात न लावता चार पावलं बाजूला, ताज्या मातीत लावा.